दुर्बिणीचा लोखंडी खांब थरथरतो किंवा कलतो: आधी काय तपासायचं

इंदूरच्या राजेंद्रनगरात आता मला 'खांबवाले काका' म्हणतात. नोकरी लेथवर गेली, निवृत्तीनंतर अंगणात दुर्बिणीसाठी लोखंडी खांब उभा केला. पहिल्या पावसाळ्यानंतर तो बिघडला. सरळ केला, दुसऱ्या पावसाळ्यानंतर पुन्हा बिघडला. तेव्हापासून इंदूर, देवास, महू या टापूतले दहाएक खांब हाताखालून गेले. फोन नेहमी एकाच वाक्याने सुरू होतो: "काका, पाइप बारीक पडला वाटतं. आठ इंची घेऊ का?"

घेऊ नका. निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी लोहामंडीत जाऊ नका. मी पाहिलेल्या खांबांत पाइप कमी पडल्याचं एकच उदाहरण होतं, बाकी सगळ्यांचं दुखणं सांध्यात निघालं. सांधा म्हणजे जिथे एक वस्तू दुसरीवर टेकते ती जागा: माउंट (दुर्बीण धरून फिरवणारा भाग) आणि प्लेट, प्लेट आणि बोल्ट, तळाची बेस प्लेट आणि काँक्रीट, काँक्रीट आणि माती.

लक्षणं

फोकसच्या चाकाला बोट लावलं की गुरू नाचायला लागतो आणि तीन-चार सेकंद थांबत नाही. धड खांबावर एक-दीड सेकंदात चित्र जागेवर यायला हवं.

दुर्बिणीला कुणी हात लावलेला नसतो, तरी अंगणातून कोणी चाललं किंवा घरात वॉशिंग मशीन फिरायला लागलं की चित्र उडी मारतं.

फोटोत तारे लांबट येतात. सगळ्या फोटोंत सारखेच लांबट येत असतील तर ध्रुव जुळवणीत, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखण्यात, चूक आहे. वीस फोटो ठीक आणि मधलाच एक बिघडलेला असेल तर काहीतरी ढिलं आहे किंवा वाऱ्याचा झोत आहे.

संध्याकाळी नीट केलेली ध्रुव जुळवणी मध्यरात्री चुकलेली असते. किंवा मे महिन्यात बरोबर होती आणि ऑक्टोबरात ध्रुवतारा भलतीकडेच दिसतो. ही दोन दुखणी वेगळी आहेत, औषधंही वेगळी.

आणि शेवटचं, ज्याला आमच्याकडचे पोरगे 'टणत्कार' म्हणतात: खांबावर टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखा नाद बराच वेळ घुमत राहतो.

पाइपाचा हिशोब एकदाच करून टाकू

एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. गुरूची तबकडी दुर्बिणीत ४५ विकलांच्या आसपास असते, म्हणजे खांब एक कला कलला तर गुरू स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त सरकतो.

सहा इंची मीडियम क्लासचा पाइप (बाहेरून १६८ मिलिमीटर, पत्रा पावणेपाच-पाच मिलिमीटर), उंची १.२ मीटर. याच्या टोकाला आडवा पाच किलोचा ओढा दिला तर पाइप स्वतः जेमतेम साडेचार विकला कलतो. चार इंची पाइप तेवढ्याच ओढ्याला पंधरा-सोळा विकला कलेल. पातळ नळीचा कडकपणा साधारण व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो आणि उंचीच्या घनाच्या पटीत घटतो. म्हणून व्यास वाढवायला धावण्याआधी उंची कमी करता येते का ते पाहावं. भिंतीवरून क्षितिज दिसावं म्हणून लोक खांब दीड-पावणेदोन मीटर करतात, आणि इंदुरात क्षितिजावर दिसतं काय, तर शहरातल्या दिव्यांचा चट्टा.

मुद्दा असा की फोकस करताना बोटाचा जोर पाच किलो कधीच नसतो. तरीही गुरू तबकडीभर नाचत असेल तर तो नाच पाइप करत नाही.

फुकटची तपासणी: खांब की माउंट?

आधी दुर्बिणीच्या नळीवर टिचकी मारा आणि आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) बघा. मग तितक्याच जोराची टिचकी खांबावर, बेस प्लेटच्या वर वीतभर मारा. नळीवरच्या टिचकीने चित्र चार सेकंद हलतं आणि खांबावरच्या टिचकीने जवळजवळ हलत नाही, असं झालं तर खांबाला हात लावू नका. दोष वर आहे.

वर म्हणजे कुठे? नळी धरणारा क्लॅम्प, काउंटरवेटचा (नळीला तोलणाऱ्या वजनाचा) दांडा, आणि आपल्याकडे विशेष करून माउंटचा उंचीचा बोल्ट. इंदूरचा अक्षांश २२.७ अंश. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा म्हणजे तो जमिनीशी जेमतेम पावणेतेवीस अंश वर करावा लागतो. त्यामुळे सगळं वजन एका बाजूला झुकतं आणि त्या एका बोल्टवर बसतं. महूच्या एका माउंटचा हा बोल्ट चक्क धनुष्यासारखा वाकलेला निघाला होता. बोल्ट नवा घ्या, आणि जुळवणी करताना शेवटची हालचाल नेहमी वर उचलण्याची ठेवा. खाली सोडत आणून थांबलात तर आट्यांमधला ढिलेपणा शिल्लक राहतो आणि रात्रीत माउंट केसभर बसतं.

आणखी एक, सांगायला लाज वाटेल इतकं साधं. लोंबणाऱ्या तारा. कॅमेऱ्याची तार खांबाच्या बोल्टात अडकते, ताणली जाते, सुटते. तो मधलाच एक बिघडलेला फोटो पुष्कळदा हिचाच असतो.

पाना घ्या, आणि नेलपॉलिश

आता खालपासून वरपर्यंत प्रत्येक नट तपासा. नुसता आवळू नका, आधी पान्याने हलका ठोका द्या. घट्ट बोल्ट 'टण' वाजतो, ढिला 'थप' वाजतो. चारांपैकी एकाचाच आवाज वेगळा आला तर अर्धा आजार सापडला. चार पायांवर उभी असलेली प्लेट हॉटेलातल्या टेबलासारखी असते, एक पाय अधांतरी राहतोच. मी स्वतः तीन बोल्टांचा पुरस्कर्ता आहे. तीन टेकू कधी डगमगत नाहीत. पण चार आधीच ठोकलेले असतील तर उपटू नका, पुढचा इलाज आहे.

आवळायचे ते समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे. त्याआधी नट उघडून वॉशरखाली बघा. तिथे रंग आहे? फॅब्रिकेटर प्रेमाने सगळ्या प्लेटला दोन हात ऑइल पेंट मारून देतो आणि आपण त्या रंगावरच बोल्ट आवळतो. रंग मऊ असतो, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि महिन्याभरात नट आपोआप ढिला होतो, कुणी न फिरवता. जिथे लोखंड लोखंडावर टेकतं तिथला रंग कानशीने किंवा पॉलिश पेपरने पूर्ण खरवडा. गंज नको म्हणून ग्रीसचं बोट फिरवा, पुरे.

सगळं आवळून झालं की नटावरून प्लेटवर जाणारी नेलपॉलिशची एक रेघ ओढा. पुढच्या महिन्यात रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. मी पहिल्यांदा बाटली उचलली तेव्हा घरातून विचारणा झाली होती. आता बाटली माझ्याच पेटीत असते, लाल रंगाची, कारण गुलाबी रंग टॉर्चच्या उजेडात दिसत नाही.

पाण्याची वाटी

चालण्याने, मशीनने चित्र उडत असेल तर ही तपासणी. स्टीलची वाटी घ्या, काठोकाठ पाणी भरा, खांबाच्या वरच्या प्लेटवर ठेवा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाण्यात दिसेल अशा बाजूने बसा आणि घरातल्या कोणाला तरी अंगणात नेहमीसारखं चालायला सांगा. प्रतिबिंबाची रेघ थरथरली तर पावलांचा धक्का खांबापर्यंत पोचतोय. मग वाटी खाली काँक्रीटच्या ठोकळ्यावर ठेवून तेच करा, मग शेजारच्या फरशीवर. फरशीवर रेघ नाचते आणि ठोकळ्यावर शांत राहते, तर पाया वेगळा राखला गेलाय. ठोकळ्यावरही तशीच नाचते, तर फरशी आणि ठोकळा कुठेतरी जोडलेले आहेत.

सुदामानगरात एक खांब असाच होता. पाया उत्तम, दोन फूट बाय दोन फूट, तीन फूट खोल, म्हणजे आठशे किलोंचा ठोकळा. भोवती दोन इंचांची मोकळी जागाही सोडलेली. वर्षभर झकास चालला. मग अंगणात पेव्हर ब्लॉक घातले, आणि मिस्त्रीला ती फट दिसली. कामसू माणूस, त्याने ती सिमेंटने नीट बुजवून दिली. त्या दिवसापासून वॉशिंग मशीनचा ड्रायर सुरू झाला की शनीची कडी दुहेरी दिसायची. ग्राइंडरला दगडाची चकती लावून एका दुपारी भोवतीने खाच मारली, आतला चुरा काढला आणि वर रबराची पट्टी सोडली. खर्च चकतीचा.

फट मोकळी ठेवायची, किंवा भरायचीच असेल तर थर्मोकोल, फोम असं मऊ काही. मुरूम नाही, गिट्टी नाही. ती पावसात बसून दगडासारखी घट्ट होते.

लेझर आणि सामान तोलायचा काटा

इथपर्यंत सुटलं नाही, तर आता अंदाज बंद आणि मोजमाप सुरू. लागतं काय: मांजर खेळवायचा किंवा भाषणात वापरतात तो छोटा लेझर, प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा, मोजपट्टी आणि दहा मीटरवरची भिंत. भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवा. दहा मीटरवर ठिपका तीन मिलिमीटर सरकला म्हणजे एक कला, एक मिलिमीटर म्हणजे वीस विकला. हे दोन आकडे पाठ करा.

लेझर कुणाच्या डोळ्यात नाही, आणि आकाशात तर अजिबात नाही. आपल्या डोक्यावरून विमानं उतरतात.

लेझर पाइपाच्या वरच्या टोकाला होज क्लिपने घट्ट बांधा. टोकाला दोरी बांधून काट्याने पाच किलो आडवं ओढा, ठिपका किती सरकला ते लिहा, सोडल्यावर तो परत त्याच जागी येतो का तेही लिहा. सहा इंची पाइप आणि निर्दोष पाया असेल तर ठिपका पाव मिलिमीटरही हलत नाही, डोळ्यांना कळणारसुद्धा नाही. आता लेझर पाइपाच्या तळाशी बांधा, ओढा मात्र टोकालाच. तळाशी बांधूनही ठिपका जवळपास तितकाच सरकला, तर पाइप वाकत नसून अख्खा खांब तळातून झुकतोय: बेस प्लेट किंवा पाया. मग लेझर वरच्या प्लेटवर. ज्या टप्प्यावर आकडा एकदम वाढतो, त्या दोन जागांच्या मधला सांधा तुमचा गुन्हेगार.

ठिपका परत जागेवर येत नसेल तर काहीतरी घसरतंय, नुसतं वाकत नाही. पुन्हा बोल्टांकडे जा.

वरचा पिंजरा

बहुतेक घरगुती खांबांवर दोन प्लेटी असतात: एक पाइपाला वेल्ड केलेली, दुसरी तिच्या वर चार लांब आट्यांच्या दांड्यांवर उभी, मध्ये चार-सहा इंचांची मोकळी जागा. हात घालून माउंटचा मधला बोल्ट आवळता यावा आणि नट खाली-वर करून वरची प्लेट पाणसाळीत आणता यावी, हा हेतू. दिसतं छान. माझ्या मते घरगुती खांबातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

सरळ ओढून बघितलं तर पिंजरा ठीक वाटतो. म्हणून लोक फसतात. त्याचा कमजोरपणा पिळात आहे. वरच्या प्लेटला अर्ध्या मीटरची लाकडी पट्टी दोन जी-क्लॅम्पनी बांधा आणि पट्टीच्या टोकाला काट्याने फक्त दोन किलो ओढा, खांबाभोवती फिरवल्यासारखं. देवासच्या एका खांबावर १० मिलिमीटरच्या दांड्या होत्या, मधली उंची दीडशे मिलिमीटर. पाइपावरचा ठिपका ढिम्म, आणि वरच्या प्लेटवरचा ठिपका चौदा मिलिमीटर आडवा पळाला. जवळपास पाच कला! लांब नळी आणि काउंटरवेट या पिंजऱ्यावर बसून डावी-उजवी झुलत होती, आणि मालक बिचारे पाइपात काँक्रीट भरायच्या तयारीत होते.

इलाज सियागंजातल्या बोल्टांच्या दुकानात मिळाला. १६ मिलिमीटरच्या दांड्या, आणि मधली उंची चाळीस मिलिमीटर. बोल्टाचा कडकपणा लांबी अर्धी केली की आठपट होतो, जाडी वाढवली की आणखी झपाट्याने वाढतो. तीच पट्टी, तेच दोन किलो, ठिपका हलेना. "एवढंच?" मालकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा काँक्रीटचं पोतं आणून ठेवल्याचा पश्चात्ताप जास्त होता.

आणि ती पाणसाळ? वरची प्लेट काटेकोर समतल असायची गरजच नाही. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखला गेला की काम झालं, प्लेट अर्धा अंश कलती असली तरी. समतल असेल तर जुळवणी करताना उंची आणि दिशा एकमेकांत गुंतत नाहीत, इतकाच फायदा. त्यासाठी पिंजरा पाळायचा नाही. शक्य असेल तर दोन्ही प्लेटी एकमेकींवर बसवा आणि कुठे फरक असेल तिथे पत्र्याच्या चकत्या घाला.

बेस प्लेट

खालीही अनेकदा तोच पिंजरा असतो, लहान आकारात. प्लेट चार फाउंडेशन बोल्टांच्या नटांवर उभी आणि खाली बोटभर हवा. हॅकसॉचं पातं प्लेटखाली सरकवून बघा. आरपार जात असेल तर ती फट भरायची. न आक्रसणारं ग्राउट (फटीत ओतायचं सिमेंटचं मिश्रण) मिळतं, तेच घ्या. पिशवीवर लिहिलंय तितकंच पाणी, मोजून. मिस्त्रीच्या हातात मग्गा दिला की तो 'चालून जातं' म्हणत दीडपट ओततो आणि ग्राउट आक्रसतं, मग फट परत तिथेच. भोवती लाकडी पट्ट्यांची चौकट करा आणि एकाच बाजूने ओता, म्हणजे समोरच्या बाजूने हवा बाहेर पडेल. तीन दिवस ओलं ठेवा, माउंट चढवू नका.

प्लेटच पातळ असेल, पाच-सहा मिलिमीटरची, तर ती पाइपाच्या कडेला वाकते. १२ मिलिमीटरची प्लेट सहाच्या आठपट कडक असते. बदलता येत नसेल तर पाइप आणि प्लेटच्या कोनात चार त्रिकोणी गसेट (आधाराचे तुकडे) वेल्ड करून घ्या.

रेती

घंटेसारखा नाद हे एकच लक्षण असेल तर रेती भरा. रेतीने पाइप कडक होत नाही, हा गैरसमज फार पसरलाय. तिचे कण एकमेकांवर घासतात आणि थरथर तिथेच जिरवतात, एवढंच तिचं काम. सहा इंची पाइपात मीटरमागे वीसेक लिटर, म्हणजे तीसेक किलो रेती जाते. नर्मदेची चाळलेली रेती घ्या, गच्चीवर पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा आणि भरताना पाइपावर लाकडी हातोडीने ठोकत राहा. ओली रेती भरलीत तर पाइप आतून सडेल, आणि तुम्हाला ते तळाशी भोक पडल्यावरच कळेल.

संध्याकाळी बरोबर, रात्री चूक

हे उन्हाळ्यातलं. पश्चिमेचं ऊन दुपारभर खांबाच्या एका अंगाला तापवतं. ते अंग लांबतं, खांब किंचित पूर्वेकडे वाकतो. दोन अंगांत पाच अंश सेल्सिअसचा फरक असेल तर १.२ मीटरचा सहा इंची पाइप जवळपास दीड कला कलतो. सूर्य मावळताच तुम्ही ध्रुव जुळवता, रात्री खांब निवतो, सरळ होतो आणि जुळवणी चुकते. एका कलेची चूक म्हणजे तारा दर मिनिटाला पाव विकला, म्हणजे दहा मिनिटांत अडीच विकला सरकतो. जुळवणी दहा वाजल्यानंतर करा, खांबाला पांढरा रंग द्या, दुपारी गोणपाट गुंडाळा. रेती भरलेला खांब निवायला आणखी वेळ घेतो, हे लक्षात ठेवा.

मे ते ऑक्टोबर: काळी माती

हे माझं स्वतःचं दुखणं, म्हणून जरा सविस्तर.

मालव्याची माती काळी, बेसाल्टच्या झिजेतून आलेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिते आणि फुगते, उन्हाळ्यात सुकून आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दर वर्षी हा खेळ चालतो. तुमचा ठोकळा त्या मातीत तरंगणाऱ्या होडीसारखा असतो. सगळीकडून सारखी फुगली तर ठोकळा सरळ वर येतो, दुर्बिणीला काही फरक पडत नाही. एका बाजूला जास्त ओल मिळाली की तो कलतो.

माझा ठोकळा दोन फूट खोल होता. पहिल्या दोन्ही पावसाळ्यांत खांब आठ-नऊ कला कलला, दोन्ही वेळा एकाच दिशेने, घरापासून दूर. मी बोल्ट बदलले, ग्राउट बदललं, नाही नाही ते केलं. तिसऱ्या वर्षी जुलैत, भर पावसात छत्री घेऊन अंगणात उभा होतो तेव्हा दिसलं: गच्चीचा पावसाळी पाइप ठोकळ्यापासून तीन फुटांवर मोकळा सुटत होता. घराकडच्या अंगाला अख्ख्या गच्चीचं पाणी, दुसऱ्या अंगाला नुसता पाऊस. ओली बाजू फुगायची आणि ठोकळ्याला त्या बाजूने वर ढकलायची. त्या पाइपाला पुढे दहा फूट पीव्हीसी जोडून पाणी नालीत सोडलं. त्या वर्षी कल दोन कलांवर आला.

म्हणून खणण्याआधी पाणी बघा. गच्चीचा पाइप, कूलरचं गळणारं पाणी, रोज संध्याकाळी एकाच बाजूला पडणारा बागेचा नळ, पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो. आमच्याकडे तुळशीवृंदावनही ठोकळ्याच्या एका अंगाला आहे. ते हलवायची सूचना मी एकदा करून पाहिली. पुन्हा करणार नाही.

कल मोजायला महिन्यातून एकदा लेझरचा ठिपका भिंतीवर पेन्सिलीने टिपून तारीख लिहा. साध्या पाणसाळीला अर्धा मिलिमीटर प्रति मीटर, म्हणजे पावणेदोन कलांपेक्षा बारीक काही कळत नाही. भिंतसुद्धा त्याच मातीवर उभी आहे, तेव्हा ठिपक्यावर अंधविश्वास नको. शंका आली तर ध्रुवच विचारावा.

उरलेल्या दोन कलांचं मी काही करत नाही. खंडेनवमीला हत्यारं पुसतो, पान्याला हळदकुंकू लावतो आणि त्याच आठवड्यात नव्याने ध्रुव जुळवतो. वर्षातून एकदा अर्धा तास.

इथून ५५ किलोमीटरवर उज्जैनला सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे. पितळी यंत्रांचे अक्ष झिजतात, केंद्रं सरकतात, अशी त्या राजाची तक्रार होती, म्हणून त्याने यंत्रं दगड-चुन्यात बांधली. सांध्यांचं दुखणं त्यालाही चुकलं नाही, याचं मला फार बरं वाटतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

खांबाला किंवा माउंटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी मेन स्विच बंद. ओल्या जमिनीत रोवलेला लोखंडी खांब आणि गळका अडॅप्टर, ही जोडी जीव घेते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने अर्थिंग तपासल्याशिवाय दुर्बीण सुरू करायची नाही. अंगणावरून विजेची तार जात असेल तर लांब पाइप उभा करण्याआधीही त्यालाच विचारा.

वेल्डला केसासारखी चीर दिसली तर घरच्या मशीनने वरून टाका मारू नका. जुना टाका ग्राइंडरने पूर्ण काढून नवा घालावा लागतो, ते वेल्डरचं काम. त्याला दोन गोष्टी आधी सांगा. पाइपात रेती भरलेली असेल तर ती काढल्याशिवाय आणि वरचं झाकण उघडल्याशिवाय वेल्डिंग नको, आत ओल असेल तर वाफेचा दाब धरतो. आणि पाइप जस्त चढवलेला असेल तर तेही सांगा. त्याच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. नवीन खांबासाठी साधा काळा पाइपच घ्यावा.

पाण्याचा बंदोबस्त करूनही खांब दर वर्षी पाच-सहा कलांहून जास्त कलत असेल, किंवा ठोकळ्याबरोबर घराच्या भिंतीलाही तिरकी भेग दिसत असेल, तर संरचना अभियंत्याला बोलवा. तो कदाचित मुरुमापर्यंत जा म्हणेल, कदाचित तळाशी घंटेसारखा रुंद केलेला पाइल (जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब) सुचवेल, जो रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केला. खोल काळ्या मातीत तो साडेतीन मीटर तरी न्यावा लागतो, कारण ओल-सुकीचा खेळ तिथपर्यंत चालतो. घराच्या पायाला लागून एवढं स्वतः खणू नका.

आणि गच्चीवरचे खांब. दर महिन्याला कोणीतरी विचारतं, तेव्हा इथेच लिहून ठेवतो. खांब, रेती, माउंट, काउंटरवेट मिळून दीडशे किलो एका प्लेटवर सहज होतात, आणि गच्चीच्या स्लॅबला बोल्टसाठी भोकं पाडली की पुढच्या पावसात खालच्या खोलीत गळतं. तुळई किंवा कॉलम नेमका कुठे आहे हे अभियंत्याने खडूने आखून दिल्याशिवाय मी तिथे ड्रिल चालवत नाही. आखून दिलं असेल तर रविवारी सकाळी पोहे झाले की फोन करा.